उत्तरपत्रिका मध्ये ठेवा: हायस्कूलमध्ये शिक्षकांचा अभ्यासगट कसा उभा करावा

महाराष्ट्रातल्या बहुतेक हायस्कुलांत विषय समित्या असतात. शाळा सुरू झाली की पहिली सभा होते, विषयप्रमुख ठरतो, वार्षिक नियोजन कोणी लिहायचे ते ठरते, इतिवृत्तावर सह्या होतात. पुढची सभा बहुधा घटक चाचणीचे पेपर कोणी काढायचे यावर होते. ही कामे गरजेची आहेत. पण ९वी ‘अ’ला आणि ९वी ‘क’ला गणित शिकवणारे दोन शिक्षक स्टाफरूममध्ये शेजारी शेजारी बसून गठ्ठे तपासतात, दोघांच्याही गठ्ठ्यात तीच चूक पुन्हा पुन्हा येते, दोघेही तिच्याभोवती लाल गोल करतात, आणि त्या चुकीबद्दल दोघांत एक वाक्यही बोलले जात नाही. बोलायला जागाच नसते. मोकळा तास मिळाला की बदली तासाचा, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जाण्याचा, कागद येतो.

ही जागा कशी तयार करायची, याबद्दल हा लेख आहे. तो मुख्याध्यापकांसाठी आणि पर्यवेक्षकांसाठी आहे, आणि कोणी सांगितलेले नसतानाही दोन-तीन सहकाऱ्यांना घेऊन सुरुवात करू पाहणाऱ्या शिक्षकासाठी तर आहेच. माझे म्हणणे एवढेच, की शिक्षकांचा गट टिकतो तो मुलांनी लिहिलेल्या कागदाभोवती बसला तर. परिपत्रक, नमुना, अहवाल किंवा प्रेरणादायी भाषण यांच्याभोवती बसलेला गट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विरतो.

आधी कुठे झाले आहे

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात गेला. १९८२ पासून एकलव्य संस्थेने त्याची धुरा सांभाळली, आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद करेपर्यंत तो शेकडो शाळांत चालू होता. सहावी ते आठवीचा हा कार्यक्रम प्रयोगांसाठी ओळखला जातो, पण तो तीस वर्षे चालण्यामागे शिक्षकांच्या मासिक बैठकांचा मोठा वाटा होता. एखादा प्रयोग वर्गात फसला, मुलांनी अनपेक्षित प्रश्न विचारला, कार्यपुस्तकातली सूचना कळली नाही, असे सगळे त्या बैठकीत यायचे, आणि त्यातून पुढे कार्यपुस्तकेही बदलली गेली.

जपानमध्ये एकत्र पाठ तयार करून, एकाने तो शिकवून, बाकीच्यांनी मुलांचे निरीक्षण करून त्यावर चर्चा करण्याची पद्धत शतकाहून जुनी आहे. तिला ‘जुग्यो केनक्यू’ म्हणतात. चीनमध्ये शाळेतल्या एका विषयाच्या शिक्षकांचे संशोधन गट १९५०च्या दशकापासून शाळेच्या रचनेचाच भाग आहेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या अॅडलाय स्टीव्हन्सन हायस्कूलमध्ये रिचर्ड डुफोर १९८३ साली मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकांचे गट बांधले. त्या गटांचे चार प्रश्न आज जगभर वापरले जातात. ते पुढे येतील.

हे सगळे जसेच्या तसे उचलून आणायचे नाही. आपल्याकडे एका वर्गात साठ-सत्तर मुले असतात, पदे रिक्त असतात, निवडणुकीची कामे असतात. पण या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आढळते: शिक्षक ठरलेल्या वेळी भेटतात आणि भेटल्यावर वर्गात नेमके काय घडले त्यावर बोलतात.

पहिली पायरी: गट लहान ठेवा, आणि एकाच इयत्तेचा

तीन ते सहा शिक्षक पुरेत. शाळेतल्या सगळ्या गणित शिक्षकांचा एक गट करण्यापेक्षा ९वीला गणित शिकवणाऱ्यांचा गट जास्त उपयोगी पडतो, कारण त्या आठवड्यात सगळे साधारण त्याच घटकावर असतात. मोठा गट झाला की तो सभा होतो, आणि सभेत दोघे बोलतात, बाकीचे घड्याळ बघतात.

कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी? ९वीपासून करावी, असे मला ठामपणे वाटते. १०वीला बोर्डाची घाई असते. सराव परीक्षा, जादा तास, प्रात्यक्षिके, अंतर्गत गुण या धांदलीत कोणाला थांबून विचार करायला सवड नसते. ९वीत मुलांचे ८वीपर्यंतचे राहून गेलेले उघडे पडते आणि ते भरून काढायला वर्षभर हातात असते. विषय मात्र जिथे शिक्षक तयार आहेत तो घ्यावा. पहिल्या वर्षी साऱ्या शाळेवर हे लादू नये. एक गट नीट चालला की दुसऱ्या विषयाचे शिक्षक आपण होऊन विचारतात, आणि ते विचारेपर्यंत थांबलेले बरे.

लहान शाळांत अडचण वेगळी असते. गणिताला एकच शिक्षक आहे, तो ८वी, ९वी, १०वी सगळे घेतो, वर विज्ञानही शिकवतो. तिथे दोन वाटा आहेत. एक, एका वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्यांचा गट: ९वीला मराठी, गणित, विज्ञान, इतिहास शिकवणारे एकत्र बसतात आणि प्रश्न विषयांच्या पलीकडचा घेतात, म्हणजे ‘कारणे द्या’ या प्रकारात मुले काय लिहितात किंवा प्रश्न पूर्ण वाचतात का. दुसरी वाट, जवळच्या तीन-चार शाळांतल्या त्याच विषयाच्या शिक्षकांचा गट. शाळा-संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली आहे. रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखा असलेल्या संस्थांना हे सोपे जाते. तिथे शिक्षकांच्या बदल्या संस्थेतच होत असल्याने एका शाखेत लागलेली सवय शिक्षकाबरोबर दुसऱ्या शाखेत जाते. स्वतंत्र शाळांनी महिन्यातून एक शनिवार, आळीपाळीने एकेका शाळेत, असे ठरवावे.

दुसरी पायरी: वेळ वेळापत्रकातच हवा

इथे बहुतेक प्रयत्न अडखळतात, म्हणून इथे थोडे थांबतो.

‘शाळा सुटल्यावर बसू’ हे चालत नाही. कोणाची एसटी असते, कोणाचे मूल पाळणाघरात असते, कोणी तीस किलोमीटरवरून दुचाकीने येते. मधल्या सुट्टीत बसू म्हटले तर निम्मा वेळ डबा खाण्यात आणि निम्मा मुलांच्या तक्रारी सोडवण्यात जातो. गटाला शाळेच्या वेळेतच, पंधरा दिवसांतून एकदा, लागून आलेल्या दोन तासिका हव्यात. पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर सत्तर मिनिटे मिळतात.

प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात काही मोकळ्या तासिका असतातच. अडचण ही असते की चौघांच्या चार वेगळ्या वेळी येतात. त्यासाठी वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाला सुट्टीआधीच भेटावे, आणि कोऱ्या तक्त्यावर सगळ्यात आधी हा चौकोन भरायला सांगावे: बुधवारी पाचवी-सहावी तासिका, अमुक चार शिक्षकांना वर्ग नाही. त्या वेळी त्यांच्या तुकड्यांना शारीरिक शिक्षण, चित्रकला, भाषा यांतले काहीही येऊ द्या. तक्ता भरल्यावर ही मागणी घेऊन गेलात तर सगळे विणलेले उसवावे लागते आणि उत्तर नकारार्थी येते, त्यात त्या शिक्षकाचा दोष नसतो.

दुसरी अट याहून अवघड. त्या दोन तासिकांत या चौघांना बदली तास लावायचा नाही. शिक्षक रजेवर असतील, प्रशिक्षणाला गेले असतील, तरी नाही. ही हमी मुख्याध्यापकांनीच द्यायची असते. पहिल्या महिन्यात ती दोनदा मोडली तर गट समजून जातो की हे काम शाळेला महत्त्वाचे वाटत नाही.

हिशोब करून पाहू. जुलै ते फेब्रुवारी आठ महिने, पंधरवड्याला एक म्हणजे सोळा बैठका. गणपती, दिवाळी, सत्र परीक्षा, स्नेहसंमेलन यांत काही जातील. बारा बैठका झाल्या तरी चौदा तास होतात. २०२० चे धोरण प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. त्यातले चौदा तास स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या मुलांच्या कामावर घालवलेले असतील तर त्यांचे मोल मला दूरच्या सभागृहातल्या प्रशिक्षणापेक्षा जास्त वाटते.

तिसरी पायरी: पहिल्या बैठकीत चार गोष्टी उघड बोलून घ्या

पहिली गोष्ट गोपनीयतेची. इथे जे दिसेल ते गोपनीय अहवालात जाणार नाही, संस्थाचालकांपर्यंत जाणार नाही, पालकसभेत निघणार नाही. मुख्याध्यापकांनी हे तोंडी नाही, लेखी द्यावे. ‘माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे आले नाही’ असे म्हणायला शिक्षकाला किती धीर लागतो हे ज्याने कधी निकालाच्या सभेत उभे राहून उत्तर दिले आहे त्याला माहीत असते. हे लेखी आश्वासन नसेल तर पुढच्या पायऱ्या व्यर्थ आहेत.

दुसरी गोष्ट, तुकड्यांची तुलना नाही. ‘अ’चा निकाल किती आणि ‘ड’चा किती हा आकडा या टेबलावर येणार नाही. बऱ्याच शाळांत तुकड्या गुणांवरून पाडलेल्या असतात, तेव्हा ही तुलना अन्यायाचीही असते.

तिसरी, बोलण्याचा क्रम. पंचवीस वर्षे शिकवणारे सर आणि मागच्याच वर्षी लागलेले शिक्षणसेवक एका टेबलाशी बसले की सर आधी बोलतात आणि शिक्षणसेवक मान हलवतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, ती आपली रीत आहे. म्हणून फेरी नेहमी सर्वांत नव्या शिक्षकापासून सुरू करावी आणि ज्येष्ठांनी शेवटी बोलावे. ज्येष्ठांचा मान यात राखलाच जातो, कारण शेवटचा शब्द त्यांचा असतो. सूत्रसंचालन मात्र दर वेळी वेगळ्याने करावे.

चौथी, काय बोलायचे नाही. ऑनलाइन माहिती भरणे, बीएलओचे म्हणजे मतदारयादीचे काम, जुनी पेन्शन, संचमान्यता म्हणजे पटसंख्येवरून ठरणारी शिक्षकपदे, हे विषय खरे आहेत आणि त्यांचा जाच खरा आहे. त्यांच्यासाठी संघटना आहेत, स्टाफरूम आहे. ही सत्तर मिनिटे त्यांना दिली तर ती पुरणारही नाहीत आणि मुलांच्या वाट्याला काही उरणार नाही.

चौथी पायरी: एक घटक, आणि त्यात काय आलेच पाहिजे

स्टीव्हन्सन हायस्कूलचे चार प्रश्न साध्या मराठीत असे: मुलांना नेमके काय आले पाहिजे? ते आले हे आपल्याला कसे कळणार? ज्यांना आले नाही त्यांच्यासाठी काय करणार? आणि ज्यांना आधीच येते त्यांच्यासाठी काय करणार?

पहिल्या बैठकीत फक्त पहिले दोन घ्यावेत, आणि एकाच घटकापुरते. समजा घटक आहे ९वीच्या गणितातला ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. पाठ्यपुस्तकात त्यात बरेच काही आहे. गटाने ठरवायचे की वर्गातल्या प्रत्येक मुलाला, अगदी ३५ गुणांशी झगडणाऱ्यालाही, यातले काय आलेच पाहिजे. यादी लांबली की तिचा उपयोग संपतो, म्हणून चारच गोष्टी: शाब्दिक उदाहरणातून समीकरण मांडणे, एका चलाचा लोप करणे, एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात घालणे, आणि आलेले उत्तर दोन्ही समीकरणांत ठेवून पडताळणे. एवढ्या यादीवरही वाद होतो. कोणी म्हणतो शाब्दिक उदाहरणे १०वीला बघता येतील, कोणी म्हणतो तीच खरी. तो वाद होऊ द्यावा, कारण एकच पाठ्यपुस्तक शिकवणारे चौघे चार वेगळ्या गोष्टींना महत्त्व देत होते हे तिथे पहिल्यांदा कळते.

मग पाच प्रश्नांची एक लहान चाचणी. संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा), गुणभार, काही नको. वीस मिनिटांत सुटेल अशी, सगळ्या तुकड्यांना तीच, घटक शिकवून झाल्याच्या आठवड्यात. गुण द्यायची गरज नाही, आणि शक्य असेल तर देऊच नयेत. गुण दिसले की नजर कागदावरून आकड्याकडे जाते.

पाचवी पायरी: उत्तरपत्रिकांची बैठक

हा या सगळ्याचा गाभा आहे.

प्रत्येकाने आपल्या तुकडीतल्या सहा उत्तरपत्रिका आणायच्या: चांगल्या दोन, मधल्या दोन, अडखळलेल्या दोन. नाव झाकायचे. लाल पेन लागलेले नको. चार शिक्षक असतील तर टेबलावर चोवीस कागद येतात, एका बैठकीला तेवढे भरपूर झाले. सत्तर मिनिटे अशी वाटावीत:

पहिली दहा मिनिटे कोणीही बोलायचे नाही. कागद फिरवायचे, वाचायचे. शांतता नकोशी वाटेल, पण ती मोडू नये.

पुढची पंधरा मिनिटे फक्त काय दिसते ते सांगायचे. ‘या मुलाने पहिल्या ओळीत ८ ने गुणले आहे’ हे चालेल. ‘हा मुलगा लक्ष देत नाही’, ‘घरी कोणी अभ्यास घेत नाही’, ‘खालच्या वर्गात पाया कच्चा राहिला’ हे चालणार नाही. ही वाक्ये खोटी असतात असे नाही, पण ती उच्चारली की विचार तिथेच संपतो. सूत्रधाराचे मुख्य काम हेच, की अशी वाक्ये आली की शांतपणे विचारायचे: ‘सर, कागदावर काय दिसतं?’

त्यानंतर पंधरा मिनिटे: मूल काय विचार करत असेल? मग वीस मिनिटे: वर्गात काय करू? आणि शेवटची दहा: कोण, काय, केव्हा.

दोन उदाहरणे घेऊ. प्रश्न असा: दोन संख्यांची बेरीज ३६ आहे, एक संख्या दुसरीपेक्षा ८ ने मोठी आहे, तर त्या संख्या काढा. काही मुले क्ष + य = ३६ बरोबर लिहितात आणि खाली क्ष = ८य असे लिहितात. गणित शिक्षकाला वाटते मुलाला समीकरण मांडता येत नाही. पण त्याने समीकरण मांडले आहे, फक्त ‘८ ने मोठी’ ऐवजी ‘८ पट’चे. अडचण समीकरणात नाही, वाक्य वाचण्यात आहे. ‘ने मोठी’, ‘पट’, ‘पेक्षा कमी’ असलेली आठ-दहा वाक्ये घेऊन फक्त चिन्हांत लिहायला द्यायची, सोडवायला नाही, असे दहा मिनिटांचे काम इथे पुरते. गटात मराठीचे शिक्षक एखाद्या दिवशी येऊन बसले तर अशा चुकांवर गणित शिक्षकांना न सुचलेले काही हाती लागते.

दुसरे उदाहरण: ३क्ष + २य = १६ आणि ३क्ष − य = १०. दुसरे समीकरण पहिल्यातून वजा केले की ३य = ६, म्हणजे य = २ आणि क्ष = ४. अनेक कागदांवर ‘य = ६’ दिसते. मुलाने २य मधून य वजा केला आहे. इथे चौघे मिळून विचार करू लागले की दोन शक्यता पुढे येतात. एक, मुलाला वाटते की वजा करताना चिन्ह फक्त पहिल्या पदाचे बदलते. दुसरी, ‘− य’ समोर दिसल्यावर त्याला वाटते की वजा करायचे ते झालेच आहे, आता पुन्हा काय करायचे. कागदावर चूक एकच, पण उपाय वेगळे: पहिल्याला कंसात मांडणी करायला लावावी लागेल, दुसऱ्याला ऋण संख्या वजा करणे म्हणजे काय, हे संख्यारेषेवर पुन्हा दाखवावे लागेल. कोणते कारण खरे? कागद सांगणार नाही. मुलाला विचारावे लागेल. म्हणून बैठकीच्या शेवटी ठरते की पुढच्या वेळेपर्यंत प्रत्येकाने ही चूक केलेल्या तीन मुलांना जवळ बोलावून, न रागावता, ‘इथे तू काय केलंस ते मला सांग’ एवढे विचारायचे आणि मुलाचेच शब्द लिहून आणायचे.

याच कागदांवर आणखी एक गोष्ट दिसते. य = ६ घेऊन मूल पहिल्या समीकरणातून क्ष = ४/३ काढते आणि थांबते. दुसऱ्या समीकरणात ठेवून पाहिले असते तर ४ − ६ = −२ आले असते, १० नाही, आणि चूक त्यालाच सापडली असती. पडताळा हा यादीतला चौथा मुद्दा. चोवीसपैकी किती कागदांवर पडताळा आहे हे मोजले तर बहुधा चौघेही थोडे गप्प होतात, कारण तो आपण फळ्यावर क्वचितच करून दाखवतो.

भाषेच्या गटासाठी पद्धत थोडी बदलते. एकाच मुलाचे पाच गुणांचे उत्तर सगळ्यांनी स्वतंत्रपणे तपासायचे, गुण चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. गुणांत फरक पडला की ‘तुम्ही कशाचा अर्धा गुण कापलात?’ यातून चांगले लेखन म्हणजे काय यावर खरी चर्चा सुरू होते. एकाला शुद्धलेखन खटकलेले असते, दुसऱ्याला मुलाचा स्वतःचा अनुभव आवडलेला असतो. विज्ञानात १०वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठानंतर ‘चंद्रावर नेलेल्या वस्तूचे वस्तुमान आणि वजन यांचे काय होईल, का?’ हा एकच प्रश्न बैठकीला पुरतो.

सहावी पायरी: एक तास मिळून तयार करा

दोन-तीन बैठका झाल्या, एकमेकांची भीड थोडी मोडली की मगच हे करावे.

जी चूक सापडली तिच्यावरचा एक तास गटाने मिळून आखायचा. सुरुवातीचा प्रश्न कोणता, मुले त्याला कोणकोणती उत्तरे देतील, चुकीच्या उत्तराला शिक्षक काय म्हणेल, तास संपताना फळ्यावर काय काय राहिलेले असेल. जपानी शिक्षक फळ्याचेही आधी नियोजन करतात, म्हणजे तास संपल्यावर विचाराचा सगळा प्रवास फळ्यावर वाचता येतो. आपल्याकडे अर्धा फळा पुसून पुढचे लिहायची सवय आहे. एवढा एक बदल केला तरी फरक दिसतो.

मग एक शिक्षक तो तास घेतो आणि बाकीचे वर्गात बसतात. मागच्या बाकावर नाही, मुलांच्या जवळ, प्रत्येकाने चार मुले वाटून घेऊन. शिक्षकाकडे बघायचे नाही, मुलांच्या वह्यांकडे बघायचे, मदत करायची नाही, चूक दिसली तरी बोट दाखवायचे नाही. काय लिहिले, काय खोडले, शेजाऱ्याला काय विचारले एवढे टिपायचे.

आपल्या सगळ्यांच्या मनात बी.एड.चे सराव पाठ असतात. मागे निरीक्षक, त्यांच्या वहीत शेरे, ‘प्रस्तावना ठीक’, ‘फलकलेखन सुधारावे’. नंतर मुख्याध्यापकांची पाठ निरीक्षणेही त्याच वळणाची झाली. म्हणून वर्गात कोणी येऊन बसले की हात थरथरतात. हे घालवायला एक नियम उपयोगी पडतो: तास गटाचा आहे, शिकवणाऱ्याचा नाही. चर्चेत ‘तुम्ही हा प्रश्न घ्यायला नको होता’ असे म्हणायचे नाही, ‘आपण ठरवलेला हा प्रश्न मुलांना असा समजला’ असे म्हणायचे. पहिले बोलणे शिकवणाऱ्या शिक्षकाचे, नंतर बाकीच्यांनी टिपलेले. पाठावर शेरा कोणीच मारायचा नाही.

तीन शिक्षक एकाच वेळी दुसऱ्याच्या वर्गात बसणार म्हणजे त्यांच्या वर्गांची सोय करावी लागते. ती रोज जमणार नाही. सत्रातून एकदा, वर्षातून दोनदा झाले तरी पुष्कळ.

सातवी पायरी: आलेली आणि न आलेली मुले

आता तिसरा-चौथा प्रश्न. उपचारात्मक अध्यापनाचे जादा तास शाळा सुटल्यावर ठेवले की ज्यांना ते सगळ्यात जास्त हवे असतात तीच मुले पाचच्या एसटीसाठी निघून जातात. त्यापेक्षा दोन तुकड्यांचे गणिताचे तास एकाच वेळी येत असतील तर घटकानंतरच्या फक्त दोन तासिकांसाठी मुलांची अदलाबदल करावी. चिन्हांच्या चुका करणारी दोन्ही तुकड्यांतली मुले एका वर्गात, बाकीची दुसऱ्यात, तिथे अवघड शाब्दिक उदाहरणे. पुढच्या घटकाला ही वाटणी मोडायची. ती कायमची ठेवली तर ‘हुशारांचा वर्ग’ आणि ‘ढ’चा वर्ग तयार होतो आणि मुले त्या नावाने स्वतःला ओळखू लागतात. ज्या मुलाची चूक दुसऱ्या तुकडीच्या मॅडमच्या एका वाक्याने सुटते, त्याच्यासाठी त्या दोन तासिका वर्षभराच्या मेहनतीइतक्या असतात.

नोंदी, मोबाइल आणि मुख्याध्यापक

नोंद एका पानाची: काय दिसले, काय करायचे ठरले, पुढच्या वेळी कोण काय आणणार. छापील नमुना तयार करू नये. नमुना आला की तो भरणे हेच काम होते. व्हॉट्सअॅपवर गटाचा ग्रुप हवा असेल तर तो उत्तरांच्या फोटोंपुरता ठेवावा, मुलाचे नाव झाकून. सूचना आणि परिपत्रके शाळेच्या मोठ्या ग्रुपवरच राहू द्यावीत.

मुख्याध्यापकांनी बैठकीला जरूर यावे, पण दोन-तीन बैठकांतून एकदा, आणि बसावे ते बाजूच्या खुर्चीवर. त्यांनी स्वतः एखाद्या वर्गाला शिकवत असतील त्या वर्गाचे कागद आणले तर गटावर जो परिणाम होतो तो कुठल्याही भाषणाने होत नाही. गटाने काय चर्चा करायची हे त्यांनी ठरवू नये. कॅनडातले अभ्यासक अँडी हार्ग्रीव्ह्ज यांनी वरून लादलेल्या सहकार्याबद्दल १९९०च्या दशकातच इशारा दिला होता: वेळ, विषय, नमुना सगळे वरून आले की शिक्षक एकत्र बसतात, एकत्र काम करत नाहीत. वेळ द्यावा, हमी द्यावी आणि विषय गटावर सोडावा.

काही शिक्षक यायला नाखूश असतील. त्यांना ओढून आणू नये. बहुतेकदा नाखुशीमागे आळस नसतो, आधीच्या उपक्रमांचा कंटाळा असतो. वर्षानुवर्षे नवीन नावाची मोहीम येते, फोटो काढले जातात आणि पुढच्या वर्षी दुसरी मोहीम येते, हे त्यांनी पाहिलेले असते. अशा शिक्षकाकडे त्यांच्या आवडत्या घटकाची एखादी अडचण घेऊन जावे, ‘सर, हे तुम्ही कसं शिकवता?’ असे विचारावे. दोन वर्षांनी तेच गटात सगळ्यात जास्त कागद आणताना दिसू शकतात.

वर्ष संपताना

पहिल्या वर्षी निकालाच्या टक्केवारीत मोठा फरक शोधू नये. चार घटकांवर काम झाले असेल तर त्या घटकांतले तेच प्रश्न पुढच्या वर्षीच्या मुलांना देऊन चुकांचे प्रकार बदलले का, हे पाहावे. एखादा शिक्षक बैठकीची वाट न बघता स्टाफरूममध्येच वही उघडून शेजाऱ्याला दाखवू लागला, तर गट रुजतो आहे.

मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी, एक बैठक फक्त हस्तांतरणासाठी ठेवावी. प्रत्येक घटकाच्या पाकिटात चाचणीचे प्रश्न, नमुन्याच्या चुका असलेले तीन-चार कागद, वर्गात काय करून पाहिले आणि त्याचे काय झाले हे एका पानावर. पाकिटाची एक प्रत पुढच्या वर्षी ९वी घेणाऱ्यांना, आणि न सुटलेल्या अडचणींची यादी याच मुलांना १०वीला घेणाऱ्यांना. एखादे शिक्षक निवृत्त होत असतील तर त्यांना या बैठकीत अर्धा वेळ मोकळा द्यावा आणि बाकीच्यांनी लिहून घ्यावे. मग मेच्या सुट्टीआधी, पुढच्या वर्षीचे वेळापत्रक मांडायला बसण्यापूर्वी, त्या दोन लागोपाठच्या तासिकांची मागणी चौघांच्या सहीने मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोहोचलेली असावी. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते आणि तिथे दिवस आणखी कमी मिळतात, म्हणून तिथल्या गटांनी पहिल्या बैठकीची तारीखही त्याच अर्जात लिहून टाकावी.